जपानी येतं, मग चिनी का नाही?

मी जपानी दुभाषी आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग चिनीही वाचता येत असेल ना?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझ्या तोंडात कापूस कोंबून. मी उत्तर द्यायच्या आत शेजारचं कुणीतरी पुस्ती जोडतं, "चित्रलिपी आहे हो ती! चित्र काय, कुणालाही कळतं. खरं तर सगळ्या जगाने तीच घ्यायला हवी."

यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. हा समज चारशे वर्षं जुना आहे आणि तो पसरवणारे लोक साधे नव्हते. १६०५ साली फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं की चीनकडे लिहिताना अक्षरं किंवा शब्द मांडत नाहीत, थेट वस्तू आणि कल्पना मांडतात, म्हणून एकमेकांची भाषा न कळणारे प्रांतही एकमेकांचं लिखाण वाचतात. बेकन काही चीनला गेला नव्हता. जेझुइट पाद्री जे कळवत होते त्यावर युरोपातले विद्वान मनोरे बांधत होते. बर्लिनच्या आंद्रेआस म्युलरने १६७४ साली जाहीर केलं की चिनी लिपी झटपट शिकवणारी किल्ली आपल्याला सापडली आहे. लायब्निझसारख्या जर्मन तत्त्वज्ञाने त्याला प्रश्नांवर प्रश्न पाठवले, पण म्युलरने किल्ली काही दाखवली नाही. मरण्यापूर्वी त्याने आपले कागद जाळून टाकले, असं सांगतात. (असे क्लासवाले पुण्यातही पुष्कळ आहेत. कागद मात्र जाळत नाहीत, फी घेतात.) इंग्लंडात जॉन विल्किन्सने १६६८ मध्ये जगातल्या यच्चयावत गोष्टींची चाळीस वर्गांत वाटणी करून स्वतःचीच नवी लिपी बेतली. रॉयल सोसायटीने ती छापली, लोकांनी वाहवा केली आणि वापरली कुणीच नाही.

आता मी जे पाहिलं ते सांगते.

चाकणच्या एका कारखान्यात नवी चिनी मशीन बसवायची होती. कारखाना जपानी लोकांचा. मशीनबरोबर एक तरुण चिनी तंत्रज्ञ आला होता, आणि त्याचा दुभाषा पोट बिघडल्यामुळे हॉटेलवर पडून होता. शॉपफ्लोअरवर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे भाषांतराचं ॲपही बंद. मी होते, पण मला चिनी बोलता येत नाही. जपानी साहेब निर्धास्त. म्हणाले, "काळजी नको, आम्ही लिहून बोलू." पांढरा फळा ओढला, मार्कर घेतला.

सुरुवात झकास झाली. साहेबांनी दोन अक्षरं लिहिली. पहिलं 'नाही', दुसरं 'चांगलं'. जपानीत 'फुर्यो', चिनीत 'बूल्यांग', दोन्हीकडे अर्थ एकच, सदोष माल. पोराने मान डोलावली आणि कुठे ते बोटाने विचारलं. मग साहेबांनी बोल्टचं चित्र काढलं, शेजारी टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा लिहिला. आमचा राजगुरुनगरचा फिटर "पंचवीस" म्हणाला, साहेब "निजूगो" पुटपुटले, पोरगा "अर्शवू" म्हणाला. फळ्यावर चौघांनाही सारखी कळलेली ही एकच खूण, आणि ती चिनी नव्हती.

गाडी घसरली ती पुढे. एका सीलला हात लावायचा नव्हता. साहेबांनी लिहिलं, "हे बदलू नका." जपानी वाक्याची घडण आपल्यासारखीच असते, क्रियापद शेवटी आणि 'नका' त्याच्याही मागे. 'बदल' हा शब्द चिनी अक्षरांत लिहितात, पण त्याला लागलेलं शेपूट, म्हणजे 'नका', हिरागानात. हिरागाना ही जपान्यांची स्वतःची, उच्चाराची लिपी. चिनी माणसाला ती वाचता येत नाही. पोराला दिसलं फक्त 'बदल'. त्याने शांतपणे पाना उचलला आणि सील सोडवायला लागला. साहेब ओरडले जपानीत, मी ओरडले मराठीत, फिटरने त्याचा हात धरला. मग साहेबांनी त्या वाक्यावर एक भलीमोठी लाल फुली मारली. ती कळली.

'फुर्यो' चाललं आणि हे नाही चाललं, यातली मेख अशी की 'फुर्यो' हा मुळात अख्खा चिनी शब्द आहे, जपान्यांनी 'नाही' पुढे ठेवण्याच्या चिनी पद्धतीसकट उचललेला. जपानी माणूस स्वतःचं वाक्य बोलायला लागला की अर्धा अर्थ त्या शेपटात जातो. अक्षरं सामायिक आहेत, व्याकरण नाही. आणि 'करा' की 'नका' हे तर व्याकरणच सांगतं.

संध्याकाळी आणखी एक गंमत. निरोप घेताना साहेबांनी फळ्यावर 'केन्तो' असं दोन अक्षरांत लिहिलं. जपानी कचेरीत हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो, 'विचार करून सांगतो' अशा अर्थाने. तीच अक्षरं चीनमध्ये 'ज्यान्थाव' होतात आणि तिथे त्यांचा अर्थ आपली चूक कबूल करून जाहीर आत्मपरीक्षण करणं. पोराचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा दुभाषा बरा होऊन आल्यावर आम्ही सगळे हसलो, पण ती रात्र त्या पोराने कशी काढली असेल कोण जाणे.

आता चित्रलिपीबद्दल. चंद्र, डोंगर, झाड अशी काही अक्षरं मुळात चित्रं होती हे खरं आहे, आणि प्रत्येक क्लासच्या पहिल्या दिवशी तीच दाखवतात म्हणून सगळा घोळ होतो. दुसऱ्या महिन्यापासून कुणी चित्रं दाखवत नाही, कारण संपतात. तांब्यासाठीचं अक्षर घ्या, आमच्या वायरिंगच्या ड्रॉइंगवर रोज दिसणारं. डावीकडे 'धातू' (याच अक्षराचा दुसरा अर्थ सोनं), उजवीकडे 'सारखं'. मुलं लगेच गोष्ट रचतात, सोन्यासारखा दिसणारा धातू म्हणजे तांबं. पाठ करायला बरी आहे, पण खरी नाही. चिनीत 'सारखं' म्हणजे 'तोंग' आणि तांबं म्हणजेही 'तोंग'. उजवा भाग फक्त आवाज सांगायला बसवलाय. जपान्यांनी अक्षरांबरोबर त्यांचे उच्चारही उचलले, त्यामुळे त्यांच्याकडे दोन्ही 'दो'. अर्थाचा एक तुकडा आणि आवाजाचा एक तुकडा, अशी जोडाक्षरंच चिनी लिपीत सर्वांत जास्त आहेत, ऐंशी टक्क्यांच्याही वर. एकोणिसाव्या शतकात शांघायला श्यू शोउ नावाच्या माणसाने रसायनशास्त्रातल्या मूलद्रव्यांना अक्षरं दिली, तेव्हाही हीच युक्ती. सोडियमसाठी डावीकडे 'धातू' आणि उजवीकडे 'ना'च्या जवळचा आवाज, नेट्रियममधला. नवी अक्षरं घडवायची संधी मिळाली तेव्हाही त्यांनी मिठाचं चित्र काढलं नाही.

आपल्याकडचा पुरावा तर याहून जुना. शाळेच्या इतिहासातला ह्युएनत्संग आठवत असेल. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. इथली माणसं उपकाराला जागणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असं त्याने लिहिलं. आपल्या पुस्तकात 'महाराष्ट्र' त्याने चार अक्षरांत लिहिला. आजच्या चिनीत ती 'मो-ह-ला-छा' अशी वाचतात. यातल्या पहिल्या दोन अक्षरांचे अर्थ पाहिले तर 'चोळणं' आणि 'खडसावणं'. बौद्ध ग्रंथांत 'महा' लिहायची तीच रीत होती. हल्लीचे चिनी नकाशे 'महाराष्ट्र'ची सुरुवात घोड्याच्या अक्षराने करतात, कारण घोडा म्हणजे 'मा'. 'नमो'चंही तेच. जपानी देवळांत 'नामु' म्हणून जे लिहिलेलं दिसतं ते अर्थाने वाचलं तर 'दक्षिण, नाही' असं निघतं. कल्पना लिहिणारी लिपी असती तर 'नमो'साठी वाकलेला माणूस काढला असता की!

हे सगळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. १८३८ साली फिलाडेल्फियात दु पोन्सो नावाच्या, फ्रान्समध्ये जन्मलेल्या वकिलाने अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की चिनी अक्षरं कल्पना लिहीत नाहीत, चिनी भाषेतले शब्द लिहितात. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, पण दाताच्या खुर्चीपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

"पण पूर्वी चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाममधले लोक कागदावर लिहून बोलत होते ना?" हो, बोलत होते. १९०५ साली योकोहामात व्हिएतनामचा क्रांतिकारक फान बोइ चाउ चिनी विचारवंत ल्यांग छिछाव याला भेटला, तेव्हा त्यांचं बरंचसं संभाषण कागदावरच झालं. पण ते दोघे काय लिहीत होते ते बघा. फान व्हिएतनामी लिहीत नव्हता. दोघेही अभिजात चिनी लिहीत होते, लहानपणापासून घोकलेली, परीक्षांसाठी पाठ केलेली, कुणाच्याच घरी न बोलली जाणारी भाषा. वाईचा शास्त्री काशीला जाऊन संस्कृतात वाद घाली, म्हणून काही देवनागरी विश्वलिपी ठरत नाही. जपानी विद्यार्थी ही अभिजात चिनी वाचताना शेजारी बारीक खुणा घालतात, 'इथून खाली जा, तो शब्द आधी वाच, मग परत वर ये' अशा. मी शिकताना त्या खुणांनी माझं डोकं खाल्लं होतं. क्रियापद शेवटी आणायला डोळ्यांनी लंगडी घालावी लागते. लिपी जर भाषेवाचून कळत असती तर ही लंगडी कशाला?

खुद्द चीनमध्येही हेच. हाँगकाँगचा माणूस वर्तमानपत्रात लिहितो ते मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेच्या वळणाचं, शाळेत शिकलेलं. तो आपली घरची कँटनीज जशी बोलतो तशी लिहायला लागला तर 'तो', 'नाही', 'चा' यांसारख्या रोजच्या शब्दांची अक्षरंच वेगळी निघतात आणि बीजिंगचा वाचक अडखळतो. कोरियाने आणि व्हिएतनामने तर चिनी अक्षरं बाजूला ठेवून आपापला मार्ग पत्करला आणि त्यांचं काही अडलं नाही.

या सगळ्या प्रकरणात मला खरी कणव येते ती चार्ल्स ब्लिसची. १८९७ साली आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोव्हिट्झला जन्मलेला ज्यू केमिकल इंजिनिअर. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचला, तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचायला शिकला, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण त्या चिनीत वाचतच नाही, आपल्या भाषेत वाचतोय. झालं, बेकनचं भूत मानगुटीवर बसलं. पण हा विद्वत्तेसाठी लिहीत नव्हता. भाषांवरून माणसं माणसांना मारतात हे त्याने स्वतः भोगलं होतं. १९४९ मध्ये सिडनीत स्वखर्चाने त्याने आपली चिन्हलिपी छापली. कुणी विचारलं नाही. १९७१ साली टोरांटोत सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना ती सापडली. मुलं फलकावरच्या चिन्हांकडे बोट दाखवून पहिल्यांदा मनातलं सांगायला लागली. ब्लिसला आधी आनंद झाला आणि मग संताप आला, कारण शिक्षक चिन्हं सोयीप्रमाणे बदलत होते आणि इंग्रजीकडे जायची पायरी म्हणून वापरत होते. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. माझं मन शिक्षकांच्या बाजूचं आहे. तरी ब्लिसला हसवत नाही.

आता कामातली एक ताजी कटकट. मध्यंतरी एका जपानी ग्राहकाने मॅन्युअल परत पाठवलं. भाषांतर ठीक, पण 'सरळ' या अर्थाचं अक्षर चिनी वळणाचं दिसतंय म्हणे. जपानी वळणात त्याच्या खाली डाव्या बाजूला एक कोपरा असतो, चिनी वळणात तिथे नुसती आडवी रेघ. माझ्या लेआउटवाल्याला फरक दिसेना. चूक त्याचीही नव्हती. १९९२ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, चिनी, जपानी आणि कोरियन वापरातली अक्षरं एकत्र केली, २०,९०२ अक्षरांचा एकच संच, आणि एकाच सांकेतिक क्रमांकावर कुठलं वळण दिसणार ते फॉन्टवर सोडलं. त्या संचाचं अधिकृत नाव आजही 'आयडिओग्राफ', म्हणजे कल्पना लिहिणारी अक्षरं. बेकन असता तर खूश झाला असता.

ग्राहकाचा मला राग आला नाही, कारण हीच किरकिर मी मराठीसाठी करते. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना युनिकोडमध्ये हिंदी ल आणि श यांच्याहून वेगळे क्रमांक नाहीत. फॉन्ट चुकीचा पडला की पुण्यातल्या पाटीवर दिल्लीचा ल येऊन बसतो. लेआउटवाल्याला आता दोन सूचना लिहून दिल्या आहेत. जपानी फाइलला जपानीच फॉन्ट, आणि मराठी फाइलचा ल मला दाखवल्याशिवाय छपाईला जायचा नाही. दुसरी सूचना त्याला जास्त जाचक वाटते.