आमचं लिहून नेता, त्याचं पुढं काय होतं?

माण तालुक्यातल्या गावांमधून आरोग्याच्या पाहण्या करत मी गेली २२ वर्षं हिंडते आहे. आधी हातात फॉर्म असायचे, आता टॅब असतो. प्रश्न विचारायचं काम माझं, पण एक प्रश्न मात्र प्रत्येक गावात मलाच विचारला जातो. कधी भांडी घासता घासता, कधी ओट्यावर बसून, कधी जरा चिडूनच: "ताई, एवढं आमचं लिहून नेता, त्याचं पुढं होतं काय?" उभ्या उभ्या "वर कळवतो" म्हणून मी पुढच्या घरी गेले आहे आणि दर वेळी मनाला लागलं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

एका घरापासून सुरुवात करते. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. दुपारची वेळ, सून चुलीपुढे भाकरी थापत होती आणि उत्तरं सासूबाई देत होत्या. मुलं किती? दोन. त्यापुढे आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तो गाळायचा नसतो: जन्मल्यावर रडलं, हातपाय हलवले, पण काही तासांत किंवा दिवसांत गेलं, असं एखादं बाळ? सासूबाई म्हणाल्या, "त्ये काय मोजायचं? बारसंबी झालं न्हवतं." सून काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. मी 'दोन' लिहून उठले. दारात चपला घालत होते, तर ती पाण्याची बादली घेऊन मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तीन लिवा."

मी तिथंच आकडा खोडून तीन केला. त्या बाळाची पाचवीसुद्धा झाली नव्हती. त्याला नाव नव्हतं, त्याचा दाखला नव्हता, जन्माची नोंद नव्हती आणि मरणाचीही नव्हती. अशी बाळं मोजली नाहीत की गाव कागदावर निरोगी दिसतं. आणि कागदावर निरोगी असलेल्या गावाला कुणी काही देत नाही.

अशा घरी आम्ही पुन्हा जातो. बाळ कशानं गेलं ते आईलाच विचारायचं असतं. पहिल्या दिवशी अंगावर ओढत होतं का? मग कधी सोडलं? रडणं बारीक झालं होतं का? अंग गार लागत होतं की तापलेलं? धाप लागली होती का, पोट उडत होतं का? बेंबीला पू होता का? हे विचारणं फार जड जातं. मध्येच थांबावं लागतं, कधी नुसतं बसून राहावं लागतं. पण आई सगळं सांगते. किती वाजता दूध सोडलं हेसुद्धा तिच्या ध्यानात असतं. ते उतरवून घेतलेलं दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात आणि मरणाचं कारण ठरवतात.

आता पुढं काय होतं ते. त्यासाठी तुम्हाला गडचिरोलीला नेते, कारण आपल्या राज्यात यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं १९८६ साली 'सर्च' या आपल्या संस्थेचं काम सुरू केलं. त्यांनी आधी मोजलं. जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. १९९५–९६ या वर्षात ३९ गावांतल्या नवजात बाळांवर घरी जाऊन लक्ष ठेवलं, तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळत होती शंभरातल्या तिघांपेक्षाही कमी बाळांना. दवाखाना लांब, बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, आणि बाळ आजारी आहे हेच वेळेवर ओळखू यायचं नाही.

मग त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, श्वास अडकला तर काय करायचं हे त्या शिकल्या. आणि जंतुसंसर्ग ओळखायलाही शिकल्या. कशावरून? रडणं मंद झालं, दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा तापलं, बेंबीत पू आला. अशी दोन लक्षणं एकदम दिसली की जंतुसंसर्ग धरायचा आणि आईबापांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं औषध द्यायचं. आम्ही आयांना विचारतो ते प्रश्न पुन्हा वाचा. तीच ही लक्षणं. जिनं बाळ गमावलं तिला जे दिसलं होतं, तेच दुसऱ्या बाईला वेळेवर ओळखायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत ६२ चा आकडा २५ वर आला. शेजारच्या ४७ गावांत हे काम नव्हतं, तिथं तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं तर पहिला दिवसही. तुमच्या सुनेच्या खोलीत वजनकाटा घेऊन येणारी आशाताई अशी आली आहे.

इथं कॉलेजात शिकणारी मुलं मला अडवतात: मग त्या ४७ गावांचं काय? त्यांना का नाही दिलं? बरोबर विचारतात. तुलनेला गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं, पाऊस बरा झाला, रस्ते झाले, म्हणून बाळं वाचली. आणि सुईनं फायद्याऐवजी अपायच झाला असता तर? ते आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. गडचिरोलीबाबत मला हे पटतं.

पण सगळीकडे पटत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एचपीव्ही हा तो कॅन्सर करणारा विषाणू; एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी होतात, हे २००९ साली त्यातून सिद्ध झालं. गरीब देशांसाठी हे उत्तर मोलाचं आहे. मात्र त्यात नुसत्या तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी नव्हती, माहिती आणि नेहमीच्या सोयी तेवढ्या होत्या. त्यांच्यातल्या ६४ बायका या कॅन्सरनं गेल्या. तपासणीनं काहीतरी फायदा होतो हे तेव्हाही जगाला माहीत होतं. सरकारी दवाखान्यात ती तेव्हा कुणालाच मिळत नव्हती, हा बचाव मी ऐकला आहे. मला तो पुरत नाही. ते ६४ आकडेही कुणीतरी दारात उभं राहून लिहून घेतले असतील, आणि लिहून घेणारीला काय वाटलं असेल ते मी जाणते.

आणखी एक सांगायलाच हवं. मी पूर्वी जिथं काम करायचे तिथं चार वर्षं आम्ही घरोघरी रक्ताचे नमुने घेतले. अहवाल झाला, परिषदेत वाचला गेला. गावाला मात्र कुणी काही सांगितलं नाही. ज्या मावशीनं मला दोनदा चहा पाजला होता, तिला तिचं हिमोग्लोबिन किती होतं हे कधीच कळलं नाही. मी विचारलं तेव्हा "ते आपलं काम नाही" असं उत्तर आलं. माझ्या मते ते आपलंच काम होतं. मी ती नोकरी सोडली.

आता नव्या फेरीआधी जुन्या फेरीचे आकडे मी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून नेते. किती जन्म, किती मृत्यू, कशानं. नावं अर्थातच नसतात. मागच्या वेळी पारावर तो पुठ्ठा टेकवला, तेव्हा एक बाई बराच वेळ बोटानं ओळी मोजत उभी होती. सासूबाई आता नाहीत. तिनं विचारलं, "ह्यात आमचं हाय का?" मी म्हटलं, "आहे. तीनच लिहिलंय."

पुढची फेरी येत्या सोमवारी सुरू होते आहे. आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी मारुतीच्या पारावर पुठ्ठा घेऊन बसेन. फॉर्ममध्ये काय विचारणार, रक्त कशासाठी घेणार, निकाल कधी आणून देणार, सगळं विचारा. आणि नाही द्यायचं रक्त, तर नाही म्हणा. त्यानं तुमचं रेशन थांबत नाही की दवाखान्यातलं औषध थांबत नाही.