हल्ली बघितलेले पिक्चर आणि तो माईक

आमच्या घरी पिक्चर बघताना एक शब्द चालतो, 'आला माईक'. नवऱ्याने काढलेला आहे. म्हणजे असं की इंटरवलपर्यंत पिक्चर मस्त चाललेला असतो, माणसं एकमेकांशी बोलत असतात, भांडत असतात, चहा पीत असतात, आणि मग इंटरवलनंतर कधीतरी सगळं थांबतं, एक पात्र दोन पावलं पुढे येतं, मागे बासरी नाहीतर तुतारी सुरू होते आणि ते पात्र समोरच्याशी न बोलता थेट आपल्याशीच बोलायला लागतं. निसर्ग वाचवा, आईवडिलांना सांभाळा, मराठी शाळा जगवा, जो काही विषय असेल तो. आपण काय मंद आहोत का, दीड तास तेच बघतोय ना? पण नाही, माईक येतोच. मराठी पिक्चरला हा आजार जास्त आहे असं माझं मत, आणि मी मराठी पिक्चर आवडीने बघणारी बाई आहे म्हणून बोलतेय, उगाच नावं ठेवायला नाही.

तर गेल्या काही महिन्यांत जे बघितले, काही थेटरात, काही घरी भाजी निवडत निवडत, त्याबद्दल लिहायचं मनात होतं. क्रम वगैरे काही नाही.

'दशावतार' आम्ही सासूबाईंना घेऊन बघितला. सासूबाई कुडाळच्या, लहानपण सगळं जत्रेत गेलेलं, त्यामुळे घरातून निघतानाच मला धाकधूक होती की ह्या आता प्रत्येक सीनला चूक काढणार. आणि काढल्याच. खरा दशावतार, म्हणजे कोकणातल्या जत्रेत होणारं ते लोकनाट्य, रात्री उशिरा सुरू होतो, आधी गणपती येतो, संकासूर येतो, त्याचा धिंगाणा होतो, मग कुठे आख्यान लागतं आणि संपेपर्यंत उजाडतं, हे सगळं त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत माझ्या कानात सांगून टाकलं. लिहिलेली संहिता नसते, आख्यान काय आहे ते ठरवायचं आणि बाकी संवाद रंगमंचावरच सुचतील तसे, मागे पायपेटी, मृदंग आणि झांज. बाईचं काम पण पुरुषच करणार आणि रंगरंगोटी ज्याची त्याने स्वतः आरशासमोर बसून करायची. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशी कंपन्यांची नावं त्या अशी घेतात जशी माझी आई पैठणीच्या दुकानांची घ्यायची. मागच्या रांगेतून एकदा 'शुक' झालं, तेव्हा थांबल्या.

पण मग दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री तोंडाला रंग लावायला बसला आणि सासूबाई गप्प. खरंच गप्प. नंतर फक्त एकदा म्हणाल्या, "काय काम केल्यान मेल्यान!" मालवणीत याहून मोठं कौतुक नसावं. प्रभावळकर १९४४ चे, म्हणजे पिक्चर आला तेव्हा ८१ वर्षांचे. या वयात तो मेकअप, ते कपडे, ते जंगलातलं शूटिंग. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत आणि गॅलरीत कपडे वाळत घालायचे म्हटलं तरी कंबर धरतात. पण वयाचं कौतुक बाजूला ठेवलं तरी काम म्हणून बघा, डोळ्यांनी अधू होत चाललेला म्हातारा ज्या पद्धतीने हात पुढे करून वस्तू शोधतो, त्यात कुठे 'बघा मी आंधळ्याचा अभिनय करतोय' असं नाहीये. बापलेकाचं घर, मुलगा म्हणतोय बाबा आता दशावतारात काम करणं बास करा, आणि बापाला ते जमत नाही, हा सगळा पहिला अर्धा भाग मला जाम आवडला. लोकांना तोच हळू वाटला म्हणे. मला तर तो संपूच नये असं वाटत होतं.

इंटरवलच्या आसपास काय होतं ते सांगत नाही, बघितला नसेल तर बघा. त्यानंतर मात्र पिक्चर वेगळाच होतो, खाणवाले, राजकारणी, देवराई, सूड, एकेक अवतार. सगळे म्हणाले 'कांतारा'सारखा आहे. मला ती तुलना आवडत नाही कारण कोकणात देवराई, राखणदार, गाऱ्हाणं हे सगळं आधीपासून आहेच की, त्यासाठी कर्नाटकात जायची गरज नाही. पण माईक आला. एकदा नाही, बऱ्याचदा आला. कोकणातली जमीन, झाडं, पाणी, पुढची पिढी, सगळं खरं आहे हो, मलाही पटतं, सासरच्या गावाकडे काय चाललंय ते मला माहितीये. पण जो माणूस पूर्ण पिक्चरभर नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी बोलत होता, त्याच्या बाजूला उभं राहून कोणी तरी परत शब्दांत सांगितलं की ते छोटं होतं. आणि खलनायक इतके कार्टून कशाला? सिंधुदुर्गात जमिनीचे दलाल कसे असतात माहितीये का, अत्यंत गोड बोलतात, घरी येऊन चहा घेतात, आजीच्या पाया पडतात. तसा एक जरी दाखवला असता तर मला रात्री झोप लागली नसती.

एवढं बोलूनही, वर्षातला सगळ्यात लक्षात राहिलेला रोल कुठला विचाराल तर बाबुली. थेटर भरलेलं होतं हेही सांगायला हवं. मराठी पिक्चरला, रविवारी, संध्याकाळच्या शोला. नाहीतर एरवी आपल्या नशिबी सकाळी साडेदहाचा शो, ज्याला कोण जाणार, पेन्शनर आणि मी. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' आला त्याच दिवशी 'येरे येरे पैसा ३' लागला होता आणि शो कमी केले म्हणून केवढा गदारोळ झाला. आता त्या पिक्चरसाठी जीव टाकावा असं काही मला वाटलं नाही, पण मुद्दा बरोबर होता, दुपारी पावणेदोनला लावलेला पिक्चर चालत नाही म्हणून दुसऱ्या आठवड्यात काढून टाकायचा, हा कुठला न्याय.

'आता थांबायचं नाय!' मी थेटरात चुकवला आणि ओटीटीवर बघितला, आणि भाजी निवडणं राहूनच गेलं. मुंबई महानगरपालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवर आहे. आता ही वन लाईन ऐकूनच मला माईकचा वास आला होता. शिक्षणाचं महत्त्व, प्रेरणादायी, जिद्द, वगैरे. आणि माईक येतोही, नाही असं नाही, आशुतोष गोवारीकर अधिकारी आहेत म्हटल्यावर दोन शब्द बोलणारच. पण इथे मला तो खुपला नाही, का ते मी बराच विचार केला. एक तर शिवराज वायचळने ही माणसं बिचारी दाखवली नाहीयेत, एकमेकांची टर उडवतात, शाळेला दांड्या मारतात, सबबी सांगतात, चिडतात. आणि दुसरं म्हणजे भरत जाधव. 'सही रे सही'चा भरत डोक्यात इतका पक्का बसलाय की तो पडद्यावर आला की आपण आधीच हसायच्या तयारीत असतो, आणि इथे तो हसवतच नाही. खांदे पाडून, थोडा थकलेला, स्वतःच्या घरात पण जरा चोरून वावरणारा माणूस. सिद्धार्थ जाधवही तसाच, नेहमीचा तो ओव्हर द टॉप सिद्धू नाही. ओम भुतकरचा मास्तर तर फारच गोड.

आमच्या ऑफिसमधल्या एका शिपाईकाकांनी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून बसून, दहावी दिली होती, पन्नाशीला आले होते तेव्हा. कोणालाच सांगितलं नव्हतं. निकालाच्या दिवशी पेढे आणले तेव्हा सगळ्यांना वाटलं नात झाली. त्यामुळे पिक्चरमध्ये ती लाज दाखवलीये ना, की या वयात शाळेत जातोय हे पोरांना कसं सांगू, ती मला एकदम खरी वाटली. माझं म्हणणं इतकंच की माईक हातात घ्यायचाच असेल तर आधी तेवढी ओळख करून द्या माणसाची. मग आम्ही ऐकतो.

'जारण'बद्दल फार लिहीत नाही कारण काही सांगितलं की मजा जाते. अमृता सुभाष भयंकर चांगली आहे, भयंकर दोन्ही अर्थाने. अनिता दातेला बघून सासूबाईंचा मात्र गोंधळ झाला, त्यांच्यासाठी ती अजून 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिकाच आहे आणि इथे राधा म्हणजे अमृता, त्यात अनिता एवढी भीतीदायक, मग त्यांनी उठून देवाजवळ दिवा लावला आणि परत येऊन बसल्या, पण बसल्या हे महत्त्वाचं. हृषिकेश गुप्ते मुळात भयकथा लिहिणारे, त्यामुळे घाबरवायचं कसं ते त्यांना कळतं, दार करकरलं आणि मांजर ओरडली असला प्रकार कमी. करणी आहे की मनाचा आजार, यावरून आमच्या घरात दोन तट पडले, मी आजारवाली, नवरा करणीवाला (इंजिनिअर आहे तो, सांगून ठेवते). जेवताना वाद, दुसऱ्या दिवशी डबा भरताना वाद. इथे माईक आला असता तर वाद घालायला काय उरलं असतं.

'धुरंधर'ला भाच्याने नेलं. तीन तास चौतीस मिनिटं. एवढ्या वेळात मी डोंबिवलीहून पुण्याला पोचते आणि वर पाणी पिऊन बसते. मारामारी मला झेपत नाही, चार-पाच वेळा तरी ओढणी डोळ्यांवर घेतली. पण अक्षय खन्ना! 'छावा'त औरंगजेब म्हणून नुसतं हळू आवाजात बोलून घाबरवलं आणि त्याच वर्षात इथे रेहमान डकैत होऊन त्या अरबी गाण्यावर नाचत येतो, थेटरात शिट्ट्या. हिरो रणवीर सिंग आहे हे मला अधूनमधून आठवून घ्यावं लागत होतं. देशभक्तीचा माईक इथेही आहे, फक्त हिंदीवाल्यांचा साउंड सिस्टिम मोठा. भाच्याला विचारलं यातलं खरं किती नि खोटं किती, तर म्हणे मावशी, तू एन्जॉय कर ना. बरं बाबा.

आणि आता 'साबर बोंडं'. हा शोधून शोधून बघावा लागला, आमच्या बाजूला शोच नव्हते, शेवटी मैत्रिणीबरोबर लांबच्या एका थेटरात गेले. रोहन कानवडेचा पिक्चर, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला मोठा ज्युरी पुरस्कार मिळालेला. पुरस्कारवाला म्हटल्यावर मला जरा टेन्शनच येतं, कारण आपल्याला झोप येणार आणि मग बाहेर येऊन 'छान होता' म्हणावं लागणार. बाप वारलेला मुंबईचा मुलगा, आनंद, आईबरोबर गावी दहा दिवस सुतकात राहतो. गावात लहानपणीचा मित्र बाळ्या. त्या दोघांचं नातं काय आहे ते हळूहळू आपल्या लक्षात येतं, कोणी घोषणा करत नाही.

सुरुवातीला खरंच अवघड गेलं. कॅमेरा एका जागी ठेवलाय तो ठेवलाच आहे, लोक येतायत, बसतायत, उठतायत. आमच्या मागच्या काकांनी दोनदा मोठ्याने जांभई दिली. पण माझं माहेर नगरकडचं, आणि सुतकातलं घर असंच असतं हो. काही घडत नाही. आलेली माणसं एकाच जागी बसून राहतात, कोणी तरी चहा ठेवतं, कोणी तरी नियम सांगतं, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि मग कोणाला तरी त्या दुःखातही आठवतं की पोराचं लग्न राहिलंय. आमच्या आजोबांच्या वेळी माझ्या मामेभावाला चक्क स्थळ सांगितलं होतं, दहावा व्हायचा होता अजून. पडद्यावर ते बघताना मैत्रीण आणि मी एकमेकींकडे बघून हसलो आणि लगेच गप्प झालो.

आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय. तिला मुलाचं सगळं माहिती आहे. मी वाट बघत होते, की आता येईल, आता ही बाई पुढे येऊन नातेवाईकांना सुनावेल, माझा मुलगा असा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, मागे बासरी. येतच नाही. ती आपली कामं करते, लोकांना उत्तरं देते, काही टाळते, आणि पोराच्या बाजूने उभी राहते ती इतकी साधेपणाने की तुमचं लक्ष नसेल तर निसटून जाईल. माझ्या बघण्यातल्या आया अशाच आहेत, भाषण न करता पाठीशी घालणाऱ्या. भूषण मनोज आणि सुरज सुमन या दोघांचंही तसंच, रानात नुसते पडलेत, बोलतायत काहीबाही, आणि मला त्या दोघांची काळजी वाटायला लागली, कोणी बघेल की काय म्हणून. 'धुरंधर'मध्ये एवढ्या गोळ्या सुटल्या तेव्हा अशी धडधड झाली नव्हती.

सगळ्यांना आवडेल असं मी म्हणत नाही. नवऱ्याला नेलं असतं तर तो झोपला असता. जांभईवाले काका मात्र शेवटपर्यंत बसले होते, आणि लाईट लागल्यावर बायकोला म्हणाले, "पोरगं चांगलंय." कुठलं पोरगं ते विचारावंसं वाटत होतं.

बहिणीला फोन करून सांगितलं की हा बघच. तिचा पहिला प्रश्न, कॉमेडी आहे का? नाही म्हटलं. मग म्हणे मी 'गुलकंद' बघते. आता तोही वाईट नाहीये, मुलांच्या लग्नाच्या बोलणीत आईबापांचं जुनं प्रकरण समोर येतं, हास्यजत्रेचीच मंडळी आहेत, समीर चौघुलेसाठी बघ म्हटलं, सई ताम्हणकर पण छान दिसलीये. रात्री तिचा मेसेज आला, मस्त आहे, फक्त शेवटी जरा जास्तच समजावून सांगतात गं.