माझा अनुभव : शिफारस झाली, यादी अजून लागायची आहे

बारावीच्या सुट्टीत पप्पांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ मारली. १६५ सेंटीमीटर. मग जमिनीवर बसवलं, पाठ भिंतीला, पाय सरळ, आणि कमरेपासून टाचेपर्यंत टेप लावली. हवाई दलाच्या वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ लागते, पायांची लांबी किमान ९९ आणि मांडी ६४ सेंटीमीटरच्या आत. कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोचायला हवेत आणि आसनासकट बाहेर पडायची वेळ आली तर गुडघे समोर आपटता कामा नयेत, म्हणून ही मापं. सगळी बसली. ती रेघ अजून भिंतीवर आहे, रंग देताना आईने तेवढा तुकडा सोडायला लावला.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना जवळच, त्यामुळे सुखोई लढाऊ विमान लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहिलेलं. २०१६ साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नंतर नागपूरच्या अंतरा मेहतांचं नाव आलं. आपल्याकडची मुलगी तिथे जाऊ शकते हे तेव्हा नीट डोक्यात बसलं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. परीक्षेची पुस्तकं, क्लास, व्हिडिओ भरपूर मिळतात. पण हवाई दलाच्या निवड मंडळाने शिफारस केल्यावरही निवड झालेली नसते आणि मधले महिने कसे काढायचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातच माझी एक मोठी चूक झाली. ती पुढे सांगते.

पदवीनंतर हवाई दलात अधिकारी व्हायचं तर एएफकॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. फ्लाइंग ब्रँचसाठी, म्हणजे वैमानिक व्हायला, बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं, पदवीला ६० टक्के, आणि कोर्स सुरू होताना वय २० ते २४ मध्ये असायला हवं. माझा जन्म फेब्रुवारी २००२ चा. बी.एस्सी. फिजिक्स झालं २०२३ मध्ये आणि ऑगस्ट २०२३ ला पहिली परीक्षा दिली. शंभर प्रश्न, तीनशे गुण, दोन तास. बरोबर उत्तराला तीन, चुकलं तर एक वजा. पास झाले आणि गांधीनगरच्या एएफएसबीचं, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाचं, बोलावणं आलं.

गांधीनगरला मी एक दिवस टिकले. सकाळी बुद्धिमापन चाचणी, मग चित्र. तीस सेकंद एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. मी नगरच्या एका मैत्रिणीने दिलेल्या वहीतली तयार गोष्ट चित्रावर चिकटवली. चर्चेत सगळे एकदम ओरडायला लागले आणि मीही आवाज चढवला. दुपारी नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. बसने अहमदाबाद स्टेशनला आणून सोडलं. जाण्यायेण्याचं थर्ड एसीचं भाडं मिळालं. हे भाडं त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्याच वेळी मिळतं, पुढच्या खेपेला प्रवास आपल्या खिशातून. आमच्या घरात हा खर्च विचारात घ्यावा लागतो, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर मी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात गेले. राज्य सरकारचं हे केंद्र एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळासमोरच्या चाचण्यांच्या, तयारीसाठी दहा दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण देतं, आणि माझ्याकडे एनसीसीचं सी प्रमाणपत्र असल्यामुळे मला प्रवेश मिळाला. आपल्या जिल्ह्यात असूनही कितीतरी मुलामुलींना हे माहीत नाही आणि लोक बाहेर हजारो रुपये भरतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे मला एकच गोष्ट नीट कळली. मी ज्या तऱ्हेने बोलत होते ती माझी नव्हतीच. घरात मजुरांची हजेरी मी ठेवते, पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांशी बोलणी मी करते, आणि गांधीनगरला जाऊन वहीतल्या सैनिकाची गोष्ट सांगत होते.

दुसरी परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये. १६२ गुण. एएफएसबी म्हैसूरला, जूनमध्ये. चित्रात मला एक बाई आणि दोन माणसं दिसली, मी शेततळ्याची गोष्ट लिहिली. गटात इतर बोलताना थांबले आणि एकदाच, दोन जणांच्या गोष्टी जोडून दाखवल्या. स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी, पार झालं. दुपारी मानसशास्त्रीय चाचण्या : चित्रांवर बारा गोष्टी, पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे साठ शब्द, अर्ध्या तासात साठ प्रसंग. विचार करायला वेळच मिळत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. पुढचे दिवस मैदानावर फळ्या, दोर, पिंपं. मुलाखतीत द्राक्षाच्या खरड छाटणीवर दहा मिनिटं गेली. काडीवर डोळे किती ठेवता, पाणी कधी तोडता, नुकसान झालं त्या वर्षी घरात निर्णय कोणी घेतला. मी खोटं एकही वाक्य बोलले नाही आणि ते खुर्चीत बसल्यावर समजत होतं.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाल्यावर दोन चेस्ट नंबर वाचले. त्यातला एक माझा, म्हणजे शिफारस झाली.

त्यानंतर सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची वैमानिक निवड चाचणी. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग ब्रँचचं दार कायमचं बंद, मग परीक्षेत कितीही गुण मिळवा. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाखतीत चूक झाली तर सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं, इथे ते नाही. आधी उंची, वेग, दिशा दाखवणारी उपकरणं समजावतात आणि ती झटपट वाचता येतात का ते पाहतात. मग हातात स्टिक, पायात पेडल, समोर पडदा, कानात आवाज, आणि हात, पाय, कान एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला. याहून तपशील मी लिहिणार नाही, तो लिहू नयेच. मला एवढंच जाणवलं की मधेच चुकलं तर त्या चुकीच्या मागे जायचं नाही, पुढचा सेकंद पकडायचा. मी पास झाले. जवळ बसलेला एक मुलगा नाही झाला. लहानपणापासून त्याने दुसरं काही ठरवलेलं नव्हतं. तो शांतपणे उठला, सगळ्यांशी हात मिळवला आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

माझी चूक इथली. ऑगस्ट २०२४ च्या परीक्षेचे फॉर्म जूनमध्येच सुरू होते. मी म्हैसूरला होते, आणि शिफारस झाल्यावर तर वाटलं, आता कशाला फॉर्म? भरला नाही. पप्पांनी फोनवर विचारलं होतं, "अगं, भरून ठेव ना, काय बिघडतंय?" मी म्हणाले, "पप्पा, झालंय आता माझं." झालं नव्हतं.

दिल्लीच्या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात तपासणी कित्येक दिवस चालली. डोळे, रंगदृष्टी, कान, हृदय, पाठीचा कणा, पुन्हा तीच मापं. नाकाच्या तपासणीत मधला पडदा वाकडा निघाला, एका बाजूने श्वास पुरेसा जात नव्हता. जमिनीवर मला कधी त्रास झाला नाही. पण विमान चढता-उतरताना हवेचा दाब झपाट्याने बदलतो, नाक नीट मोकळं नसेल तर कान आणि सायनसमधला दाब बरोबर होत नाही, आणि त्या वेदनेत विमान हाताळता येत नाही. तात्पुरती अपात्र. नाशिकला शस्त्रक्रिया करून घेतली, बरं व्हायला आठवडे गेले, मग पुन्हा दिल्ली, पुन्हा वैद्यकीय बोर्ड. पात्र. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली. मला ती पोळी अजून आठवते, कारण आम्ही सगळेच समजून चाललो होतो की आता फक्त तारीख यायची आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये यादी लागली. मी मोबाइलवर तीन वेळा वरून खाली गेले. नाव नव्हतं.

शिफारस म्हणजे "ही मुलगी अधिकारी होण्यास योग्य आहे" एवढंच. वैद्यकीय पात्र म्हणजे "उडू शकते" एवढंच. कोर्सला जागा किती, त्यावर अखिल भारतीय गुणवत्ता यादी कापली जाते, आणि त्या यादीत लेखी परीक्षेचे गुणही धरले जातात. मी लेखी म्हणजे फक्त दार उघडायची चावी समजत होते. १६२ वर समाधान मानलं होतं. ज्यांनी दोनशेच्या आसपास मिळवले ते माझ्या पुढे गेले असणार. यात कोणावर अन्याय झाला नाही. पण घरी सांगताना शब्द सापडत नव्हते. गावात बातमी आधीच पसरली होती, एका काकूंनी हळदीकुंकवाला विचारलं, "अगं, तू अजून इथेच?" आई माझ्या आधी बोलली, "इथेच आहे, परीक्षा द्यायचीय तिला."

मी ऑगस्टचा फॉर्म भरला असता तर एक संधी जास्त असती. आता जन्मतारखेप्रमाणे जानेवारी २०२६ चा कोर्स हा माझा शेवटचा, जुलैच्या कोर्सला मी वयात बसत नाही. म्हणजे फेब्रुवारी २०२५ ची परीक्षा हीच राहिलेली. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला कळकळीने सांगते : जॉइनिंग लेटर हातात पडेपर्यंत पुढचा फॉर्म भरत राहा. शिफारस झालेली असली तरी, ऑपरेशन झालेलं असलं तरी, आईने पुरणपोळी केली असली तरी.

तिसऱ्या वेळी लेखीसाठी मी पहाटे साडेचार ते साडेसात बसायचे, बागेचं काम सुरू होण्याआधी. १९८ आले. एएफएसबी यावेळी डेहराडूनला, भाडं स्वतःचं. सीपीएसएस पुन्हा द्यावी लागली नाही, एकदा पास ती पास. मात्र बाकी सगळं शून्यापासून, आधीच्या शिफारशीचा एक गुणही पुढे येत नाही. मुलाखतीत विचारलं, मागच्या वेळी शिफारस होऊन यादीत आली नाहीस, तेव्हा काय केलंस? मी सांगितलं : आठ दिवस काही केलं नाही, नवव्या दिवशी पप्पांबरोबर थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, गेले, आणि महिन्याच्या आत एम.एस्सी.च्या प्रवेशाची माहिती काढली. एम.एस्सी. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सर, फिजिक्स मला आवडतं, आणि हे नाही झालं तर मला शिकवायचं आहे. हे सांगताना मला कमीपणा वाटला नाही. वर्षापूर्वी मी हे बोलूच शकले नसते, दुसरा रस्ता तोंडाने उच्चारला तर पहिला निसटेल अशी भीती होती.

शिफारस झाली. वैद्यकीय तपासणीत यावेळी काही निघालं नाही.

आता नोव्हेंबर २०२५. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीचा कोर्स जानेवारीत सुरू होतो, ६२ आठवड्यांचं प्रशिक्षण. यादी कधीही लागेल. मी सकाळी पाच किलोमीटर पळते, कारण बोलावणं आलं तर तयारीला दिवस थोडे मिळतात. एम.एस्सी.चं पहिलं सत्र सुरू आहे, त्याची परीक्षा डिसेंबरमध्ये आहे आणि तिचा फॉर्म भरलेला आहे. वेबसाइट दिवसातून एकदाच, रात्री नऊला बघायची, असं धाकट्या भावाने ठरवून दिलंय आणि मोबाइल तोच हातात घेतो. यादी लागली तर खालून वर वाचायची, असं त्याचं म्हणणं आहे. मी म्हणते वरून.

बागेत गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडलेत. परवा पप्पा एक घड बोटांवर तोलत म्हणाले, "यंदा माल बरा दिसतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "दिसतोय म्हणालो हां, आलाय नाही म्हणालो." आणि पुढच्या ओळीत गेले. मी बादली उचलून त्यांच्या मागे गेले.