चौकड्यांचा कोट

चित्र फ्रेममधून बाहेर काढायच्या आधीच शंका आली होती. टॉर्च आडवा धरला की कागदाचे चढउतार दिसतात, म्हणून जुन्या कागदांच्या संवर्धनाच्या माझ्या प्रत्येक कामाची सुरुवात तिथूनच करायची. इथे चढउतार नव्हतेच. काळ्या भागांच्या कडेला मात्र निळसर, आरशासारखी झाक मारत होती. शाई अशी कधी दिसत नाही, ही चांदी.

चित्र घेऊन आलेले काका समोरच बसले होते. "लक्ष्मणांचं ओरिजिनल आहे, मॅडम. वडील मुंबईला प्रेसमध्ये कॅमेऱ्यावर होते." चित्रात एक मंत्री खुर्चीत रेललेला, आणि कोपऱ्यात धोतर, चष्मा, टकलावर चार केस आणि अंगात चौकड्यांचा कोट. खाली सही. कोणीही फसावं.

आर. के. लक्ष्मण ब्रशनं काढायचे, काळ्या शाईत. ब्रशची ओली रेघ कागदाच्या तंतूंत किंचित शिरते. दहापट भिंगाखाली तिची कड तंतूंच्या आधारानं जाते, दोन फटकारे एकमेकांवर आले की तिथे चकाकी वाढते, कुठेतरी पुसलेली पेन्सिल सापडते. इथे यातलं काही नव्हतं. सगळा काळा एकसारखा सपाट. समासाच्या एका कोपऱ्याला ओलसर काडी लावली तर पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे वर जिलेटिन, फोटोच्या कागदावर चांदी धरून ठेवणारा थर. हे ब्रोमाइड होतं, चित्राची फोटोच्या कागदावरची प्रत.

संगणकावर पान लागायला लागलं त्याआधीची पद्धत नव्या लोकांना सांगावी लागते. व्यंगचित्रकार छपाईच्या आकारापेक्षा मोठं काढतो. कॅमेरा विभाग ते हव्या त्या रुंदीला उतरवून फोटोच्या कागदावर घेतो, ते ब्रोमाइड. ते कापून, मागे मेण किंवा रबर सोल्युशन लावून पानाच्या तक्त्यावर चिकटवायचं आणि अख्ख्या पानाची पुन्हा फिल्म काढायची. सूचना फिक्या निळ्या पेन्सिलीनं लिहायच्या, कारण त्या फिल्मला फिका निळा पांढऱ्यासारखाच वाटतो. लाल मात्र काळा उमटतो. काकांच्या चित्राच्या समासात निळ्यानं "पान 1" लिहिलेलं होतंच.

मी सांगितलं, हे मूळ चित्र नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मग वडिलांनी एवढी वर्षं सांभाळलं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे त्या क्षणी नव्हतं. ते भिंगाखाली नंतर मिळालं, आणि तेही अर्धवट.

'यू सेड इट' हे लक्ष्मणांचं 'टाइम्स ऑफ इंडिया'तलं रोजचं व्यंगचित्र 1951 साली सुरू झालं. आधी लक्ष्मण चित्रात गर्दी काढायचे, निरनिराळ्या प्रांतांची, वेशांची माणसं. रोज वेळेत चित्र द्यायचं तर ते जमेना, म्हणून एकेक माणूस गळत शेवटी एकच उरला, तो चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन'. गंमत अशी की गर्दी गेली, पण उरलेल्या माणसाच्या अंगावर कॅमेरा विभागाला सर्वांत जास्त छळणारं कापड राहिलं. चित्र निम्म्या आकाराला आणलं की दोन रेघांमधली 1 मिलिमीटरची जागा अर्धा मिलिमीटर होते. एक्सपोजर किंवा डेव्हलपिंग जरा इकडेतिकडे झालं की ती बुजते. पुढे न्यूजप्रिंटवर शाई पसरते ती वेगळीच. कोटाच्या चौकड्या भरल्या की उरतो काळा डाग आणि त्यावर एक डोकं.

या ब्रोमाइडवर डाव्या बाहीच्या चौकड्या खरोखरच बुजल्या होत्या. आणि कोणीतरी त्या ब्लेडच्या टोकानं पुन्हा उघडल्या होत्या. अकरा घरं मोजली मी. प्रत्येक घरात जिलेटिनचा काळा थर तेवढाच खरवडलेला, खालचा पांढरा कागद शाबूत. जरा जोर झाला असता तर कागद फाटून तिथे लव उठली असती. चष्म्याची तुटलेली काडी बारीक ब्रशनं काळ्या शाईत जोडलेली होती, आणि मंत्र्याच्या खुर्चीमागचा डाग पोस्टर व्हाइटनं झाकलेला.

संवर्धनाच्या दृष्टीनं हा प्रकार भयंकर. जिलेटिन आणि पोस्टर व्हाइट पाण्यानं बिघडतात, तर वॉटरप्रूफ शाईत लाख असते, ती स्पिरिटनं सुटते. कुठल्यातरी फ्रेमवाल्यानं समोरून सेलोटेप लावली होती आणि तिचा पिवळा गोंद स्पिरिटनं पुसला होता. चष्म्याची दुसरी काडीही त्या जुन्या हातानं जोडलेली असावी, आता तिथे राखाडी फराटा आहे. फ्रेमवाल्यांना ओला बोळा दिसला की हात आवरत नाही, हे माझं जुनं दुखणं. टेपची सुकलेली फीत कोमट स्पॅच्युलानं उचलली. उरलेला गोंद आधी क्रेप रबरानं गोळा केला, मग हेक्सेन या द्रावकानं, कारण ते शाईला, रंगाला आणि जिलेटिनला, तिघांनाही त्रास देत नाही. खिडकी उघडी, मास्क, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा कापूस.

एक गोष्ट मात्र नशिबानं बरी निघाली. हार्डबोर्डला पांढऱ्या गोंदानं चिकटवलेलं बघून मी दोन दिवस बाजूला काढले होते. पण या ब्रोमाइडच्या पाठीला प्लास्टिकचा थर होता, त्यामुळे गोंदानं पकडलंच नव्हतं. पातळ स्पॅच्युला सरकवत तासाभरात सुटलं. पाठीवर रबर सोल्युशनचे तपकिरी पट्टे राहिले. त्यातला गंधक चांदीला काळवंडतो, म्हणून तेही खरवडून काढले. डाग गेला नाही.

फराट्याला हात लावला नाही. तिथे नवी काडी काढणं मला दोन मिनिटांचं काम होतं.

अहवालात लिहिलं: व्यंगचित्र लक्ष्मण यांचं, वस्तू ब्रोमाइड, हातानं केलेली दुरुस्ती अज्ञात व्यक्तीची. काकांना तो "अज्ञात" खटकला. "कॅमेऱ्यावर वडीलच होते ना!" होते, पण अशा विभागात पाळ्या असतात, आणि रिटचिंगचं टेबल कधीकधी वेगळ्या माणसाकडे असतं. त्यांना तारीख आठवत नाही. मंत्र्याच्या पेहरावावरून अंदाज बांधून मी ग्रंथालयात मायक्रोफिल्म चाळून पाहिली. फिल्मवर रोजच्या रोज तो कोट काळाच दिसतो. चौकड्या तिथेही बुजलेल्या.

शेवटी एक सुचलं. "पान 1" मधला 1 वेगळ्या वळणाचा आहे, वर हुकासारखा बाक नाही, खाली लांब शेपूट. वडिलांची जुनी हिशेबाची वही असेल तर आणा, म्हटलं. फ्रेम करताना समास माउंटखाली झाकायचा नाही, हे काकांनी आपणहून सांगितलं.

वही अजून आलेली नाही. आली आणि अक्षर जुळलं, तरी सिद्ध होईल ते एवढंच की पान क्रमांक त्यांनी घातला. ब्लेडला अक्षर नसतं.