नेटवर्क इंजिनियर, पायथन आणि २००-९०१ क्रमांकाची परीक्षा

नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीने ३ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्या डेव्हनेट, म्हणजे नेटवर्कचे काम प्रोग्रॅम लिहून आपोआप करण्याच्या (ऑटोमेशनच्या) कौशल्याच्या, प्रमाणपत्रांची नावे बदलली. डेव्हनेट असोसिएटचे सीसीएनए ऑटोमेशन झाले, प्रोफेशनलचे सीसीएनपी ऑटोमेशन आणि एक्स्पर्टचे सीसीआयई ऑटोमेशन. असोसिएट पातळीच्या परीक्षेचा क्रमांक मात्र पूर्वीचाच, म्हणजे २००-९०१, राहिला आहे. अशा नामांतरांकडे मी सहसा दुर्लक्ष करतो, पण हा बदल मला रास्त वाटतो. सिस्कोच्या जुन्या नेटवर्क प्रमाणपत्रांपैकी सीसीआयई १९९३ पासून आणि सीसीएनए १९९८ पासून चालू असल्यामुळे भरती करणाऱ्याला ही नावे ओळखीची आहेत. डेव्हनेट हा शब्द रिझ्युमेवर दिसला की मुलाखतीतली पहिली काही मिनिटे हे नेमके काय आहे हे सांगण्यातच जात. शिवाय नव्या नावामुळे हे सॉफ्टवेअरवाल्यांचे नव्हे, तर नेटवर्कवाल्यांचेच काम आहे हे स्पष्ट होते. ही परीक्षा द्यावी का, असे पुण्यातल्या ओळखीच्या तरुण इंजिनियरांकडून वरचेवर विचारले जाते. तिच्याविषयी माझे मत थोडे मिश्र आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

या परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाल्या, आणि त्यात पहिल्यांदा उत्तीर्ण झालेल्या ५०० जणांना ‘डेव्हनेट ५००’ असा मानही कंपनीने दिला. पण त्यामागचा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. २००२ साली इंटरनेटच्या तांत्रिक रचनेवर देखरेख करणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) घडवणारे अशा दोघांना एका कार्यशाळेत समोरासमोर बसवले होते. तिचा वृत्तान्त पुढच्या वर्षी आरएफसी (इंटरनेटविषयीच्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका) ३५३५ म्हणून प्रसिद्ध झाला. एसएनएमपी (उपकरणांशी दुरून बोलण्याचा एक प्रोटोकॉल) देखरेखीसाठी ठीक आहे, पण कॉन्फिगरेशनसाठी, म्हणजे उपकरणाच्या सेटिंग बदलण्यासाठी, कोणी ते वापरत नाही. प्रत्यक्षात सगळे सीएलआयवर (उपकरणाच्या मजकुरी पडद्यावर) आज्ञा टाइप करतात किंवा पडद्यावरचा मजकूर वाचणाऱ्या स्क्रिप्ट लिहितात, आणि आज्ञेच्या उत्तराची मांडणी जरा बदलली की त्या स्क्रिप्ट मोडतात, असा चालवणाऱ्यांच्या तक्रारीचा सूर होता. एकेका उपकरणाऐवजी संपूर्ण नेटवर्कचे कॉन्फिगरेशन करता यावे, ही अपेक्षाही त्यात नोंदलेली आहे. या मंथनातूनच पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ हा कॉन्फिगरेशन बदलण्याचा प्रोटोकॉल, २०१० मध्ये यांग ही त्या माहितीच्या मांडणीची भाषा आणि २०१७ मध्ये वेबच्या एचटीटीपीवरून तेच काम करणारा रेस्टकॉन्फ ही मानके आली. २००-९०१ चा अभ्यासक्रम हाती घेणाऱ्याने आधी आरएफसी ३५३५ वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो. तो छोटा आहे, आणि तो वाचल्यावर अभ्यासक्रमातले अर्धे विषय तिथे का आहेत हे आपोआप उमगते.

या मानकांची गरज कोठे भासते ते एका साध्या आज्ञेवरून पाहता येईल. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक पोर्टला (अनेक आभासी नेटवर्कांची वाहतूक नेणाऱ्या जोडणीला) व्हीलॅन २०, म्हणजे २० क्रमांकाचे आभासी नेटवर्क, जोडायचे असेल, तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०’ असे लिहावे लागते. त्यातला ‘अ‍ॅड’ राहिला तर स्विच तक्रार करत नाही. आधीची सगळी यादी पुसून फक्त २० ठेवतो. हाताने काम करताना एका पोर्टची वाहतूक थांबते आणि माणूस लगेच सावध होतो. हीच ओळ उपकरणांना आज्ञा पाठवणाऱ्या, पायथन भाषेच्या नेटमिको लायब्ररीतून दोनशे स्विचवर पाठवली, तर तेच नुकसान काही मिनिटांत दोनशे ठिकाणी होते. ऑटोमेशन शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंमध्ये वेगाचे कौतुक असते. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही.

बरे, यांग आणि रेस्टकॉन्फ वापरले म्हणून हा धोका टळतो असेही नाही, तो फक्त जागा बदलतो. रेस्टकॉन्फमध्ये ‘पॅच’ ही विनंती दिलेली माहिती आहे त्या कॉन्फिगरेशनमध्ये मिसळते, तर ‘पुट’ ही विनंती तो संपूर्ण भाग काढून तिथे नवा बसवते. परीक्षेत एचटीटीपीच्या क्रियांवर, तसेच ४०१ (ओळख पटली नाही) आणि ४०३ (परवानगी नाही) या उत्तर-संकेतांमध्ये काय फरक आहे अशा गोष्टींवर प्रश्न येतात आणि उमेदवार ते पाठ करून जातात. पण ‘पुट’ म्हणजे जवळजवळ तोच विसरलेला ‘अ‍ॅड’ आहे, हे ज्याच्या ध्यानात आले त्याच्याच हाती मी चालू नेटवर्क देईन. नेटकॉन्फमध्ये याच्या जोडीला एक मोठी सोय आहे: उपकरणाला ती सुविधा असेल तर बदल आधी वेगळ्या मसुद्यात तयार करता येतो, तपासता येतो आणि मग ‘कन्फर्म्ड कमिट’ने लागू करता येतो. ठरलेल्या मुदतीत, आणि काही नमूद केले नसेल तर ६०० सेकंदांत, पुन्हा पुष्टी दिली नाही तर उपकरण आपणहून पूर्वस्थितीला जाते. जुन्या पिढीतले इंजिनियर लांबच्या शाखेतल्या राउटरवर काम करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ टाइप करून ठेवत, म्हणजे बदलामुळे आपलाच संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगसह उठत असे. तीच खबरदारी इथे प्रोटोकॉलच्या अंगात आली आहे, आणि रीलोडची नामुष्कीही टळली आहे.

आता अभ्यासक्रमाच्या वाटणीविषयी. असोसिएटच्या १२० मिनिटांच्या परीक्षेत सॉफ्टवेअर विकास व रचना, सिस्कोचे प्लॅटफॉर्म, अ‍ॅप्लिकेशनची उभारणी व सुरक्षा आणि नेटवर्कची मूलतत्त्वे यांना प्रत्येकी १५ टक्के, तर एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याची सोय) आणि इन्फ्रास्ट्रक्चर ऑटोमेशन यांना प्रत्येकी २० टक्के भार दिलेला आहे. यातला सिस्कोच्या प्लॅटफॉर्मचा भाग मला सर्वांत कमकुवत वाटतो. मेराकी, वेबेक्स, एसीआय अशा उत्पादनांचे एपीआय कशासाठी आहेत हे ठाऊक असणे बरे, पण ती माहिती कामाच्या दिवशी दस्तऐवज उघडून पाच मिनिटांत मिळते आणि उत्पादनाचे नाव बदलले की शिळी होते. उलट गिट (फायलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन), युनिट टेस्ट (कोडच्या लहान भागांची चाचणी) आणि कोडचे परीक्षण हा भाग नेटवर्कवाल्यांना सर्वांत नवा आणि सर्वांत जास्त उपयोगाचा असूनही पहिल्याच १५ टक्क्यांत इतर विषयांबरोबर दाटीवाटीने बसवला आहे. ज्या टीममध्ये फायरवॉलचे नियम ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा नावांच्या एक्सेल फायलींमध्ये नांदत असतात, तिथे पायथनआधी गिट यायला हवे.

नेटवर्कच्या मूलतत्त्वांना केवळ १५ टक्के, याचा परिणाम असा होतो की सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे गट पाडणे) आणि राउटिंग धड न येताही मनुष्य ही परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो. सीसीएनए ऑटोमेशनला पूर्वअट काहीही नाही. नेहमीचे सीसीएनए आधी केलेले असावे अशी सक्ती नाही. सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी ही मुभा चांगली आहे. पण जो नुकताच पदवीधर झाला आहे आणि ज्याला नेटवर्कमध्येच करिअर करायचे आहे, त्याने आधी साधे सीसीएनए करावे, कारण एखाद्या टनेलमधून लहान पिंग जाते आणि मोठी फाइल अडकते तेव्हा एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) संशय यायला हवा, आणि तो पायथनच्या अभ्यासातून येत नाही.

वरच्या पातळीवर चित्र सुधारते. प्रोफेशनलसाठी ३५०-९०१ ही मुख्य परीक्षा आणि तिच्या जोडीला एक ऐच्छिक परीक्षा द्यावी लागते, तर एक्स्पर्टसाठी त्याच मुख्य परीक्षेनंतर आठ तासांची प्रयोगशाळा परीक्षा असते. तिथे पर्याय निवडून भागत नाही; चालणारा कोड द्यावा लागतो. प्रमाणपत्रांवर शंका घेणारे लोकही या शेवटच्या पातळीपुढे गप्प बसतात. जुनिपर या दुसऱ्या नेटवर्क कंपनीची जेएनसीआयए-डेव्हऑप्स किंवा रेड हॅटच्या अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशन साधनावरच्या परीक्षा हे अन्य पर्याय आहेत, आणि त्यांपैकी रेड हॅटची पद्धत मला आवडते, कारण तिथे प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावे लागते.

खर्चाचा विचार टाळता येत नाही. असोसिएटच्या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आहे आणि वर कर आहेच. नव्याने नोकरीला लागलेल्याच्या खिशाला ही रक्कम जड आहे. कंपनी परतफेड करत असेल तर जरूर द्यावी. करत नसेल तर आधी वर्षभर अभ्यासक्रमाप्रमाणे काम करून मग ठरवावे. प्रमाणपत्र तीन वर्षांपुरते असते, पण असोसिएट पातळीवर ते टिकवण्यासाठी ३० सीई क्रेडिट (पुढील शिक्षणाचे गुण) पुरतात आणि सिस्कोच्या अधूनमधून मिळणाऱ्या मोफत अभ्यासक्रमांतून ती गोळा करता येतात, त्यामुळे पुन्हा पैसे भरण्याची वेळ येतेच असे नाही. फुटलेल्या प्रश्नांचे डम्प विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते हे तर आहेच, पण मुलाखतीत ‘हीच प्लेबुक दुसऱ्यांदा चालवली तर काय होईल?’ एवढे विचारले तरी पाठांतर उघडे पडते. प्लेबुक म्हणजे अ‍ॅन्सिबलला दिलेली कामांची यादी. अ‍ॅन्सिबलचे मॉड्यूल नीट वापरले असेल तर दुसऱ्यांदा काहीच बदलू नये, हे उत्तर ज्याने ती स्वतः चालवून पाहिली आहे त्याला क्षणात सुचते.

चालवून पाहण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सिस्कोचा डेव्हनेट सँडबॉक्स (सरावाची ऑनलाइन प्रयोगशाळा) मोफत आहे आणि त्यात नेहमी चालू असलेली काही उपकरणे ब्राउझरवरून किंवा एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणीने) वापरता येतात. घरच्या लॅपटॉपवर कंटेनरलॅब बसवले तर काही मिनिटांत छोटे नेटवर्क उभे राहते आणि बिघडले तर पाडून पुन्हा उभारता येते. माझ्या मते क्रम असा असावा: पहिल्या महिन्यात फक्त वाचणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे इंटरफेसची स्थिती, सीडीपी शेजारी (थेट जोडलेली सिस्को उपकरणे), आवृत्त्यांची यादी, त्यानंतर कॉन्फिगचा रोजचा बॅकअप गिटमध्ये, मग पीवायएटीएस हे सिस्कोचे चाचणी-साधन वापरून बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या स्थितीची तुलना. नेटवर्कवर काही लिहिणारी पहिली स्क्रिप्ट यानंतर, आणि तीही एका स्विचवर, चेंज विंडोमध्ये (बदलासाठी ठरवून दिलेल्या वेळेत), रोलबॅकची (पूर्वस्थितीला नेणारी) फाइल शेजारी उघडी ठेवून. इतके झाल्यावर २००-९०१ ची तारीख घेतली तर स्वतंत्र अभ्यास करायचा उरतो तो मुख्यतः वेबेक्स आणि मेराकीचा, आणि तो शेवटच्या पंधरा दिवसांत उरकतो.