भुसा भाजून इंधन करताना: माझा अनुभव

रबाळे औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात लाकडाच्या भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या विटा, तयार होतात. आसपासचे बॉयलरवाले त्या नियमित घेतात, पण पावसाळा लागला की दमट हवेत ब्रिकेट फुगतात, त्यांचा भुगा होतो आणि तक्रारींचे फोन सुरू होतात. म्हणून भुसा आधी भाजून, म्हणजे त्याचे टॉरिफॅक्शन करून, मग दाबायचे आम्ही ठरवले.

ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या बंद ड्रममध्ये 200 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत भुसा तापवला की उरलेसुरले पाणी निघून जाते आणि त्यातील हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला पाणी धरून ठेवणारा घटक, तुटते. साधारणपणे वजन 70 टक्क्यांवर येते, मात्र मूळ उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के टिकते, म्हणजेच किलोमागचा उष्मांक वाढतो. हा घटकच कमी झाल्यामुळे असा माल हवेतला ओलावा फारसा घेत नाही.

पुस्तकात हे दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात खरी कसोटी तापवण्यात नसून थांबवण्यात आहे, कारण तापमान वरच्या टोकाकडे गेले की ही क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागते आणि बर्नर बंद केला तरी थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या साधनाचा) आकडा चढतच राहतो. माल भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी झाला की बाहेर काढावा. काळा पडेपर्यंत ठेवला तर तो कोळशाकडे झुकतो आणि वजनाबरोबर उष्णताही हातची जाते. शिवाय गरम भुशाला हवा लागली की तो धुमसू लागतो, त्यामुळे बाहेरून पाणी फिरणाऱ्या बंद स्क्रू कन्व्हेयरमधून तो थंड करूनच आम्ही उघड्यावर आणतो. तापवताना भुशातून निघणारा वायू ड्रायरच्या भट्टीत जाळतो. तो वाटेत गार झाला तर डांबरासारखा चिकट थर पाइपच्या वळणांवर बसतो, म्हणून पाइपला उष्णतारोधक गुंडाळावे लागले.

दाबण्याचे काम मात्र अनपेक्षितपणे जड गेले. भाजलेला भुसा ठिसूळ असल्याने दळला झटकन जातो, पण कोरडेपणामुळे डायमध्ये, म्हणजे दाबण्याच्या साच्यात, नीट बांधला जात नाही. थोडे पाणी आणि स्टार्च मिसळल्यावर ब्रिकेट सुबक निघू लागल्या.

भावाची घासाघीस अजून चालूच आहे. खरेदीदार टनाचा दर विचारतात आणि आम्ही प्रयोगशाळेचा उष्मांकाचा दाखला पुढे करतो.