बनगरवाडीचा नाद

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला. शाळेतल्या गमतीजमती बाकीचे लिहितीलच, मी आपलं 'बनगरवाडी' या पुस्तकाबद्दल लिहितो, कारण शाळेत जे मिळालं त्यातलं तेच अंगात राहिलं, बीजगणित तर दहावीचा पेपर देऊन बाहेर पडलो तिथेच सुटलं.

नववीला ऑफ तासाला मराठीचे सर ते वाचून दाखवायचे. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, औंध संस्थानातलं माणदेशी धनगरांचं गाव आणि तिथे शाळेवर आलेला पोरसवदा मास्तर, बाकी म्हटलं तर गोष्ट अशी काही नाहीच. शेकूकडे एकच बैल असतो तर त्याची बायको दुसऱ्या बाजूने स्वतःच जू खांद्यावर घेते, ते सरांनी वाचलं आणि मागच्या बाकावरची आमची गँगसुद्धा गप्प, कारण एका बैलावर वावर कसं पडून राहतं ते आम्हाला कोणी समजवायची गरजच नव्हती.

पुढे मी तलाठी झालो. २०१२-१३ च्या दुष्काळात आणेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या आत, म्हणजे निम्म्याहून कमी पीक, टँकर, चारा छावण्या, आणि रोज अहवाल, त्यात 'भीषण' नि 'विदारक' घातल्याशिवाय वर कोणाचं समाधान व्हायचं नाही. रात्री घरी येऊन बनगरवाडीची शेवटची पानं काढायचो. तिथे पाऊस येत नाही, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, संपलं. हा माणूस कुठेच गळा काढत नाही राव! स्वतः माडगुळ्याचा, १९२७ चा जन्म, ती माती पायाखालची, म्हणून जमलं असेल.

तालमीचा भाग मला जरा लांबलेला वाटतो खरं सांगायचं तर, सगळं गाव राबून तालीम उभी करतं, खुद्द राजेसाहेब येतात वगैरे, पण तेवढं रमल्याशिवाय नंतर गाव उठतं ते इतकं लागलं नसतं. आणि गावातली पोर अंजी! मास्तरकडून तालुक्याला चोळी शिवून मागवते बिचारी, त्यात वाईट काय, पण गावचा म्होरक्या असलेल्या कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतंच. सज्जात, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावांत, असताना असल्या कुजबुजीने चांगल्या माणसांची बोलणी बंद झालेली मी पाहिलीत.

साहित्य अकादमी पुरस्कार माडगूळकरांना 'सत्तांतर'ला मिळाला, वानरांच्या टोळ्यांवरचं तेही भारीच आहे, पण बनगरवाडीला का नाही ही माझी तक्रार कायम. अमोल पालेकरांचा सिनेमा पाहिला, चांगला आहे, तरी माझा कारभारी तसा दिसत नाही.

लायब्ररीसाठी दोन प्रती पाठवल्यात. बारीक पुस्तक आहे पोरांनो, एका रविवारात होतं.